कवीचं चरित्र आणि माझे तीन रकाने

पणजीला गेलात तर आझाद मैदानालगतच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दारात दोन मिनिटं थांबा. आत शिरताच भिंतींवर निळ्या-पिवळ्या टाइल्सचं मोठं चित्रकाम दिसेल. जोर्ज कोलासो यांनी 1935 मध्ये रंगवलेले हे प्रसंग ‘लुझियादश’ या पोर्तुगीज महाकाव्यातले आहेत. कवी लुईश द कामोंइश. तो गोव्यात राहिला होता हे कळलं की पुढची गोष्टही कुणीतरी सांगतंच: त्याचं जहाज फुटलं, तेव्हा एका हाताने हस्तलिखित पाण्यावर धरून तो पोहत किनाऱ्याला लागला.

गोष्ट झकास आहे. माझ्या प्रबंधाची अडचण मात्र इथूनच सुरू होते.

नागपुरात बसून पोर्तुगीज कवी कशाला, असं मला नेहमी विचारतात. उत्तर सोपं आहे. पोर्तुगीज कविता लिहिली गेलेल्या गावांपैकी काही आपल्या शेजारची आहेत, आणि ती लिहिणाऱ्यांपैकी काहीजण मराठी लेखकसुद्धा होते. माझा प्रश्न एवढाच, की या कवींची चरित्रं कशी तयार झाली आणि त्यांनी कवितेचं काय केलं?

त्यासाठी मी वहीत तीन रकाने आखले आहेत. पहिल्यात सरकारी कागदांत जे सापडतं ते. दुसऱ्यात त्या काळच्या माणसांनी लिहून ठेवलेलं. तिसऱ्यात कवितेवरून काढलेले अंदाज. आता कामोंइश या रकान्यांत बसवून बघू.

पहिल्या रकान्यात 7 मार्च 1553 चा माफीनामा आहे. लिस्बनमध्ये भर रस्त्यात एका दरबारी नोकराला जखमी केल्याबद्दल कवी तुरुंगात होता, त्याची सुटका झाली आणि त्याच वर्षी तो भारताकडे निघाला. दुसरा कागद 1572 चा. त्या वर्षी ‘लुझियादश’ छापलं गेलं आणि राजाने त्याला वर्षाला पंधरा हजार रेइश पेन्शन मंजूर केली. दुसऱ्या रकान्यात इतिहासकार दिओगो दो कोउतो आहे. कामोंइश आपल्याला मोझांबिकमध्ये भेटला, तेव्हा तो मित्रांच्या जिवावर जेवत होता, असं तो लिहितो.

आणि बुडालेलं जहाज? त्याचा मुख्य आधार खुद्द ‘लुझियादश’च आहे. शेवटच्या, दहाव्या सर्गात मेकाँग नदीपाशी बुडालेल्या जहाजातून वाचलेल्या ओल्या काव्याचा उल्लेख येतो. एक कडवं, आठ ओळी. पोहणारा कवी आणि वर धरलेला हात ही भर नंतरची. कवी 1580 मध्ये गेला. पेद्रो द मारीझ याने लिहिलेलं चरित्र 1613 मध्ये छापलं गेलं, आणि पुढच्या चरित्रकारांनी गोष्ट फुगवत नेली. आधी कवितेवरून आयुष्य रचायचं आणि मग त्याच आयुष्यावरून कविता समजावून सांगायची, असं हे चक्र आहे. आपल्याला ते नवीन नाही. महिपतींचा ‘भक्तविजय’ 1762 चा, म्हणजे तुकोबांच्या नंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेला. त्यातल्या गोष्टी मनात ठेवूनच आपण अभंग वाचतो ना?

तुम्ही म्हणाल, मग बिघडलं काय? गोष्टीमुळे कविता लोकांपर्यंत पोचते. पोचते, मान्य. पण कोणती पोचते आणि कोणती मागे राहते, ते बघा.

कामोंइशची छापून आलेली पहिली कविता लिस्बनची नाही, गोव्याची आहे. गार्सिया द ओर्ता हा गोव्यातला पोर्तुगीज वैद्य. त्याने इथल्या औषधी वनस्पतींवर संवादरूपात ग्रंथ लिहिला. तो 1563 मध्ये गोव्यात छापला गेला आणि त्यात कामोंइशचं एक स्तुतिकाव्य आहे. व्हाइसरॉयला उद्देशून लिहिलेलं हे चक्क शिफारसपत्र आहे. या म्हाताऱ्या विद्वानाच्या पुस्तकाला आश्रय द्या, एवढंच मागणं. पण ते मागायची तऱ्हा बघा. आधी अकिलीसची आठवण, कारण एवढा मोठा योद्धाही वैद्यक शिकला होता, तेव्हा सेनापतीने वैद्याची कदर करण्यात कमीपणा नाही. मग ओर्ताच्या नावावर कोटी, कारण पोर्तुगीजमध्ये त्या उच्चाराचा अर्थ बाग होतो. आमच्या धंतोलीत दर दोन घरांआड दवाखाना आहे, पण वैद्यासाठी इतकी चतुर शिफारस कुणी लिहून दिली असेल असं वाटत नाही.

या कवितेत वादळ नाही, विरह नाही. म्हणून ती चरित्राच्या कामाची नाही, आणि म्हणूनच तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. खरं तर तिच्या मागचा इतिहास जास्त भयंकर आहे. ओर्ता ज्यू वंशातला होता. तो वारल्यावर, 1569 मध्ये, इन्क्विझिशनने त्याच्या बहिणीला जाळलं. 1580 मध्ये त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. कामोंइश गेला तेच हे वर्ष. एका कवितेत कवी, वैद्य आणि सत्ता समोरासमोर उभे आहेत, आणि आपण मात्र बुडालेलं जहाज शोधतोय.

दुसरं उदाहरण जास्त अवघड आहे. बार्बारा नावाच्या गुलाम स्त्रीवर कामोंइशची एक नाजूक कविता आहे. युरोपी कवितेतल्या सोनेरी केसांच्या सुंदरीला बाजूला सारून तो काळ्या केसांची आणि सावळ्या रंगाची थोरवी गातो. त्या काळी हे धाडसच होतं. आणि सगळा खेळ एका श्लेषावर चालतो: गुलाम ती, पण बांधला गेलाय तो. चरित्रकार विचारत राहिले, की ही कोण? गोव्याची, की आफ्रिकेची? मला वाटतं, हा प्रश्न कवितेला सोयीचा आहे, कारण त्यामुळे दुसरा प्रश्न टळतो. ज्याला कुणी विकत घेतलेलं नाही, तोच ‘मी तुझा गुलाम’ असं गंमतीने म्हणू शकतो. तिने तेच वाक्य म्हटलं असतं तर त्यात श्लेष उरला नसता. कविता सुंदर आहे आणि तिचं सौंदर्य या असमान जागेवर उभं आहे. दोन्ही गोष्टी एकदम धरून वाचणं, याला मी समीक्षा म्हणते.

आता उलटी बाजू. गोव्यात जन्मलेल्या पोर्तुगीज कवींचे पहिले दोन रकाने चांगले भरलेले आहेत, पण कविता वाचलीच जात नाही. आदेओदातो बार्रेतो 1905 मध्ये मडगावला जन्मले, कोइंब्राला शिकले, तिथे 1928 मध्ये ‘इंडिया नोव्हा’ हे पत्र काढण्यात पुढे होते, आणि तिशी ओलांडतात न ओलांडतात तोच 1937 मध्ये क्षयाने गेले. त्यांचा संग्रह 1940 मध्ये, मरणोत्तर निघाला. त्यांच्याविषयी लिहिताना अकाली मृत्यूची हळहळ येते आणि लेख तिथेच संपतो. भारतीय विचार आणि प्रतिमा पोर्तुगीज कवितेत आणताना त्या भाषेचं काय होतं, हे कोण विचारणार?

आणि आपले लक्ष्मणराव सरदेसाई. सावई वेऱ्याचे, जन्म 1904. मराठी वाचकाला ते कथाकार म्हणून माहीत आहेत. 1982 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना कोंकणी निबंधांसाठी मिळाला. पण 1960 च्या दशकाच्या मध्यात, म्हणजे पोर्तुगीज सत्ता गेल्यानंतर, त्यांनी पोर्तुगीजमध्ये कविता लिहिल्या. ‘त्या राजवटीत शिकले म्हणून लिहिल्या’ हे चरित्राचं उत्तर इथे चालत नाही. सक्ती संपली होती, बक्षीस मिळणार नव्हतं. गोवा महाराष्ट्रात जाणार की वेगळा राहणार, हा वाद तेव्हा पेटला होता आणि 16 जानेवारी 1967 ला त्यावर जनमत कौल झाला. माझं म्हणणं असं, की ही भाषा त्यांनी वाचक पाहून निवडली. मराठी न वाचणारा शेजारी ज्या भाषेत वर्तमानपत्र वाचायचा, तिथे जाऊन ते बोलले. सत्ताधाऱ्यांची भाषा सत्ता गेल्यावर शेजाऱ्याची भाषा होऊ शकते, हे त्या कवितांमुळे दिसतं. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्या बसत नाहीत आणि पोर्तुगालच्या इतिहासातही नाहीत, म्हणून त्या दोघांच्या मधोमध पडून आहेत.

माझ्या वहीतला तिसरा रकाना मी खोडणार नाही. आख्यायिका कशी वाढली हेही संशोधनच आहे. फक्त तो पहिला रकाना असल्यासारखा वाचायचा नाही. पुढच्या वेळी एखाद्या कवितासंग्रहाची प्रस्तावना हातात आली, तर पेन्सिल घेऊन बसा. कवीच्या दुःखाबद्दलच्या प्रत्येक वाक्यापुढे आकडा लिहा: एक, दोन की तीन. तीनच तीन दिसू लागले, की प्रस्तावना मिटा आणि कविता वाचायला घ्या.