चौकटीतली आजी

एनसीईआरटीच्या नववीच्या इतिहासात नाझीवादावर एक प्रकरण आहे. पुस्तक 2006 सालचं. तेव्हापासून सीबीएसईच्या मुलांच्या कितीतरी तुकड्या ते परीक्षेपुरतं वाचून विसरल्या असतील. पाठ्यपुस्तक ही काही रसिकतेनं वाचायची गोष्ट नव्हे, असा आपला समज असतो. या प्रकरणापुरता तो बाजूला ठेवावा. हिटलर लोकांना आवडला तरी का, या प्रश्नाची एकमेकांशी न जुळणारी उत्तरं इथे इतक्या बेमालूमपणे शेजारी शेजारी बसवली आहेत, की आपण इतिहासकारांच्या जुन्या भांडणात येऊन पडलोय हे चौदा वर्षांच्या वाचकाला कळतही नाही.

पहिली खुबी सुरुवातीतच आहे. हिटलरची गोष्ट सांगणारे बहुधा त्याच्या जन्मापासून किंवा व्हर्सायच्या तहापासून निघतात. हे प्रकरण 1945 च्या वसंतातल्या एका घरात उघडतं. अकरा वर्षांचा मुलगा अंथरुणातून आईवडिलांचं बोलणं ऐकतो. वडील नावाजलेले डॉक्टर. सगळ्या कुटुंबाला संपवावं की एकट्यानंच जावं, याचा ते विचार करताहेत. आपण ज्यूंचं आणि अपंगांचं जे केलं तेच दोस्त राष्ट्रं आता आपलं करतील, ही त्यांची भीती. दुसऱ्या दिवशी ते मुलाला रानात फिरवून आणतात, त्याच्याबरोबर गाणी म्हणतात आणि नंतर स्वतःवर गोळी झाडून घेतात. आई विष घालेल या धास्तीनं मुलगा पुढची नऊ वर्षं घरी जेवत नाही. एवढं सांगून झाल्यावर प्रकरण मागे वळतं आणि वायमार प्रजासत्ताकाकडे जातं. म्हणजे या प्रेमाचा शेवट आधी, त्याची मोहिनी नंतर. शिवाय डॉक्टरांच्या त्या भीतीत एक कबुली दडलेली आहे: काय केलं गेलं, ते या सुशिक्षित गृहस्थांना ठाऊक होतं. ‘आम्हाला काही कल्पनाच नव्हती’ हे युद्धानंतरचं लोकप्रिय उत्तर वाचकाच्या कानावर पडण्याआधीच पहिल्या परिच्छेदानं त्याचा पाया काढून घेतला आहे. पटकथा लिहिणाऱ्यांनी हेवा करावा अशी ही मांडणी!

मग येतं आकर्षणाचं सर्वांत परिचित स्पष्टीकरण, भुकेचं. 1928 च्या निवडणुकीत नाझींना 2.6 टक्के मतं, 1932 मध्ये 37 टक्के. मधल्या काळात जागतिक मंदी आणि साठ लाखांच्या घरातले बेरोजगार. इथे प्रकरण रेंगाळत नाही आणि ते बरंच आहे. दोन आकडे आणि कोणतंही काम करायची तयारी असल्याची पाटी गळ्यात अडकवून उभी असलेली माणसं, एवढ्यावर भागतं.

खरी करामत चित्रांमध्ये आहे. आघाडीवर लढलेल्या सैनिकाला, म्हणजे हिटलरला, मत द्या असं कामगारांना सांगणारं एक भित्तिपत्रक आहे. शेतकऱ्यांसाठीचं वेगळं. त्यात शेतकरी एका बाजूला अमेरिकी भांडवलशाही आणि दुसऱ्या बाजूला बोल्शेविझम अशा दोन संकटांत सापडलेला दाखवला आहे, आणि त्यातून सोडवणारा अर्थातच एकच. खाली मुलांना प्रश्न टाकला आहे: समाजातल्या वेगवेगळ्या थरांना नाझी कसे ओढू पाहत होते? प्रश्न साधा दिसतो, पण दोन्ही चित्रं एकाच पानावर ठेवल्याशिवाय तो विचारताच आला नसता. कामगाराला शेतकऱ्याचं पत्रक दिसत नव्हतं; वाचकाला दोन्ही दिसतात. ‘जर्मन जनता भुलली’ हे ढोबळ वाक्य त्या एका पानावर विरघळतं आणि तिथे निरनिराळ्या कारणांनी भुललेली निरनिराळी माणसं उभी राहतात.

न्युरेम्बर्गच्या मेळाव्यांचे फोटो तर आपण सगळ्यांनीच पाहिलेत. ते छापण्यात मोठा धोका असतो, कारण ते काढलेच गेले होते भारून टाकण्यासाठी; दिपवणारा फोटो ‘इशारा’ म्हणून छापला तरी दिपवतोच. या पुस्तकानं काय केलं? फोटोखालच्या ओळीत वाचकाला त्या सरळ, लांबच लांब रांगांकडे बघायला सांगितलं आणि अशी छायाचित्रं चळवळीची भव्यता दाखवण्यासाठीच असत, हेही सांगून टाकलं. भव्यता तशीच राहते, फक्त ती रचणारे हात दिसू लागतात. फोल्क्सवागनच्या जाहिरातीचंही तेच. मोटार आता मजुरासाठीही नुसतं स्वप्न राहिलेली नाही, असं जाहिरात भासवू पाहत होती, एवढंच पुस्तक म्हणतं. आठवड्याला पाच मार्कांची तिकिटं चिकटवत तीन लाखांहून अधिक लोकांनी पैसे साठवले आणि युद्ध संपेपर्यंत त्यांतल्या एकालाही गाडी मिळाली नाही, हे मात्र तिथे नाही. मला ते हवं होतं. फसवणुकीचा हिशोब मुलांना चटकन कळतो.

आता ती चौकट. सर्वसामान्य माणसं आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे या भागात, वंशसंहाराचं वर्णन होऊन गेल्यावर, ती येते. नाझींच्या बळींबद्दल लोक उदासीन राहिले ते केवळ दहशतीमुळे का, असा प्रश्न. लॉरेन्स रीस या माहितीपटकारानं घेतलेल्या मुलाखतीतून उत्तर येतं: नाही. बोलणारी बाई सांगते, की त्या दशकात सगळ्यांनाच आशेचा किरण दिसला, पगार वाढले, देशाला पुन्हा दिशा सापडल्यासारखं वाटलं. ‘मला तरी तो काळ चांगला वाटला.’ बस्स. तिला कुणी खोडत नाही, शेजारी कंसातला निषेध नाही. फक्त चौकटीच्या सुरुवातीला एक बारीक नोंद आहे: 1930 च्या दशकात ही किशोरवयीन होती, आता आजी आहे. ती नोंद वाचली की कान टवकारतात. सोळाव्या वर्षी कुणाला आपला काळ वाईट वाटतो? आणि इतक्या वर्षांनी आठवताना त्या आठवणीतून काय गळलं असेल? आजी खोटं बोलत नाही, हीच त्या चौकटीची धार आहे.

मराठी वाचकाला हिटलर भेटला तो बहुतेक वि. ग. कानिटकरांच्या ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’मधून. भस्मासुर म्हटला की वर देणारा कुणीतरी आलाच. एनसीईआरटीचं प्रकरण राक्षसापेक्षा त्या वर देणाऱ्यांकडे अधिक वेळ पाहतं, आणि ते एक नाहीत, पुष्कळ आहेत.

आजीसारख्या साक्षी तोलायचं शिस्तशीर तंत्र इंग्लंडच्या शाळांनी बसवलं आहे. तिथल्या एक्यूए या परीक्षा मंडळाच्या जीसीएसई पेपरात जर्मनीच्या घटकावर दोन छोटे उतारे देतात आणि प्रत्येकाखाली लेखक कोण, एवढी एक-दोन ओळींची ओळख. मग तीन प्रश्न. दोघांच्या म्हणण्यात फरक काय? चार गुण. फरक का पडला असावा? चार गुण. अधिक पटणारं कोणतं? आठ गुण. या पायऱ्यांचा क्रम किती विचारपूर्वक लावलाय पाहा. निवाडा शेवटी आहे. त्याआधी दोघांनाही नीट ऐकून घ्यायची सक्ती आहे.

या तंत्रासाठी जोडी निवडायची मुभा मला दिली, तर मी आल्बर्ट श्पेअर आणि सेबास्टियन हाफनर यांच्या आठवणी घेईन. श्पेअर 1905 चा, हाफनर 1907 चा. दोघे तरुणपणी बर्लिनमध्ये, दोघे सुखवस्तू, शिकलेले. श्पेअरच्या आठवणींत डिसेंबर 1930 मधली एक सभा आहे. विद्यार्थ्यांपुढे हिटलर बोलणार होता. श्पेअरला अपेक्षा गणवेशाची आणि आरडाओरडीची; समोर आला तो नीट बेतलेल्या निळ्या सूटमधला, सुरुवातीला काहीसा संकोचणारा माणूस. भाषण ऐकून श्पेअर एकटाच पाइनच्या रानात भटकायला गेला आणि काही महिन्यांत पक्षाचा सभासद झाला. या वर्णनाचं सगळं सामर्थ्य त्या निळ्या सूटमध्ये आहे. श्रोते पाहून वेश बदलणारा वक्ता त्यातून दिसतो. कामगाराचं आणि शेतकऱ्याचं पत्रक वेगळं होतं, तसं हे विद्यार्थ्यांचं. हाफनरच्या वर्णनात त्याच माणसाचे केस, हातवारे, सारा अवतार किळसवाणा आहे, आणि त्याचं म्हणणं असं की मोहिनी त्या किळसेतूनच निर्माण होत होती.

फरक कळला. तो का पडला? श्पेअर पुढे हिटलरचा मंत्री झाला, वीस वर्षांच्या शिक्षेसाठी श्पांडाउच्या तुरुंगात होता, आणि पुस्तक आलं 1969 मध्ये. वक्ता जितका विलक्षण, तितका भुलणाऱ्याचा दोष कमी, हे गणित त्याला उमगलं नसेल असं मानणं कठीण. हाफनर 1938 मध्ये देश सोडून इंग्लंडला गेला. हस्तलिखित 1939 चं, युद्धाचा शेवट माहीत नसताना लिहिलेलं, आणि छापलं गेलं त्याच्या मृत्यूनंतर, 2000 साली. इतकं झाल्यावर हाफनरलाच आठही गुण द्यावेत असं वाटतं. पण त्याचं पुस्तक तितकं सोपं नाही. बर्लिनच्या न्यायालयाच्या ग्रंथालयात तपकिरी गणवेशातला माणूस विचारतो, ‘तू आर्य का?’ हाफनर ‘हो’ म्हणून जातो आणि शरमेनं लाल होतो. पुढे परीक्षेआधी उमेदवार वकिलांना सक्तीच्या शिबिरात पाठवलं जातं, तिथे नाझींचा तिटकारा असलेल्या या माणसाला सोबत्यांबरोबरच्या एकत्र जगण्याची नशा चढते आणि तो ती लपवत नाही. भाषण नाही, पगारवाढ नाही, हिटलर तर जवळपासही नाही. तरी आकर्षण आहे. श्पेअरनं रंगवलेल्या चित्रात यासाठी जागाच नाही.

इतिहासकार इअन कर्शॉ यांनी तिसरी बाजू मांडली: लोकांचं प्रेम पक्षावर कमी आणि नेत्याच्या प्रतिमेवर जास्त होतं. गावातल्या नाझी पुढाऱ्याला लोक शिव्या घालत आणि फ्युररला हे कळलं तर तो खपवून घेणार नाही, असं एकमेकांना सांगत. इथे निळा सूट आणि चौकटीतली ‘चांगला काळ’ आठवणारी बाई दोन्ही एकदम उजळतात. पगार वाढले तर श्रेय त्याचं. गल्लीतला गुंड मात्र त्याच्या नकळत वाढलेला.

एनसीईआरटीच्या प्रकरणाबद्दल माझी एक तक्रार शिल्लक आहे. 37 टक्के सांगून ते पुढे निघून जातं. तो आकडा जुलै 1932 चा. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा निवडणूक झाली, नाझी 33.1 टक्क्यांवर घसरले आणि त्यांच्या जागा 230 वरून 196 वर आल्या. म्हणजे लोकप्रियतेला ओहोटी लागलेली असताना, 30 जानेवारी 1933 रोजी, अध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी हिटलरला चॅन्सेलर केलं. पुढच्या आवृत्तीत त्या पानावर नोव्हेंबरचा आकडा घालावा आणि खाली मुलांना विचारावं, वर कुणी दिला?