माहितीपुस्तिकेचं सामान्यरूप

ऐरोली, घणसोली, महापे. ठाणे–बेलापूर रस्त्याकडेच्या आयटी पार्कांत परदेशी यंत्रांची आणि सॉफ्टवेअरची मॅन्युअलं लिहिणारी मंडळी बसतात. त्यांच्या पडद्यावर मजकुराभोवती टॅग असतात: ही पायरी, हा तिचा परिणाम, हा इशारा. त्याच टीटीसी औद्योगिक पट्ट्यात रसायनांचे कारखानेही आहेत. तिथे मशीनशेजारी टांगलेली मराठी सूचना बहुधा वर्डमध्ये टाइप केलेली असते, लाल अक्षरं ठळक करून लॅमिनेट केलेली. कामगारांना समजेल त्या भाषेत सूचना लावण्याची अट १९४८ च्या कारखाना कायद्यातच होती, त्यामुळे ती मराठीत असते. मात्र ती कोणी लिहिली, कधी सुधारली आणि मूळ फाइल कुठे आहे, याचा पत्ता सहसा लागत नाही.

पडद्यावरच्या त्या टॅगांची कला म्हणजे मार्कअप. मजकूर कसा दिसतो हे बाजूला ठेवायचं आणि तो काय आहे तेवढंच लिहायचं. १९६९ मध्ये आयबीएममध्ये गोल्डफार्ब, मोशर आणि लॉरी यांनी जीएमएल ही मार्कअप भाषा बांधली. तिच्यातून १९८६ चं एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक आलं आणि १९९८ मध्ये त्याची सुटसुटीत आवृत्ती, एक्सएमएल. याच पायावर तांत्रिक पुस्तकांसाठी डॉकबुक आलं, विमानं आणि संरक्षण सामग्रीसाठी एस१०००डी, आणि २००५ पासून बाकी बहुतेकांसाठी डिटा. डिटामध्ये प्रकरणं नसतात, सुटे विषय असतात. एक विषय एकदा लिहायचा आणि दहा मॅन्युअलांत वापरायचा. धोक्याच्या सूचनेलाही इथे ठरलेला सांगाडा आहे: धोका कोणता, न टाळल्यास काय होईल, टाळायचा कसा. यातलं काही सुटलं, तर ते तपासणाऱ्या यंत्रणेला पकडता येतं. लॅमिनेट केलेल्या कागदाला ते कोण विचारणार?

या शिस्तीला लोक कंटाळले, हेही खरं. डिटाची साधनं महाग, शिकायला जड, आणि लेखकापेक्षा कंपनीच्या हिशेबनिसाला अधिक प्रिय. २००४ मध्ये जॉन ग्रुबरने मार्कडाउन काढलं. दोन तारका आणि एक हॅश, की झालं काम. प्रोग्रामर त्यावर तुटून पडले. मजकूर बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये ठेवायचा, कोडसारखा तपासायचा आणि एमकेडॉक्स, ह्यूगो किंवा डॉक्युसॉरसने संकेतस्थळ बांधायचं, ही पद्धत आता रुळली आहे. सॉफ्टवेअरसाठी ती उत्तमच आहे. पण मार्कडाउनला ठळक आणि तिरपं कळतं, धोका कळत नाही. ज्याच्या मॅन्युअलात आम्ल आणि वाफ आहे त्याने त्यावर विसंबावं, असं मला वाटत नाही. मधल्या वाटेवरची दोन साधनं, आस्किडॉक आणि स्फिंक्सवर चालणारं रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट, लिहायला हलकी आहेत आणि इशारा आणि टीप यांना नाव देतात. त्यांची चर्चा होते त्याहून ती जास्त कामाची आहेत. टिप्स्ट या नव्या साधनाचं कौतुक सध्या बरंच चालू आहे. शोधनिबंधाला ते छान, मॅन्युअलाला अजून कच्चं.

मग कारखान्यातली मराठी सूचना यातल्या कशातही का लिहिली जात नाही? फॉन्टचं कारण आता पुरेसं नाही. एके काळी होतं. डिटाच्या मोफत साधनसंचातून पीडीएफ काढणाऱ्या एफओपीला देवनागरीची जोडाक्षरं २०१२ च्या आवृत्तीपर्यंत नीट जुळवता येत नव्हती. आज ती येतात, झीटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत तर त्याच्याही आधीपासून येतात. अक्षरांचं काम इथल्याच लोकांनी केलं आहे. विंडोजसोबत आलेला मंगल हा फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशींचा, आणि रघु हा मुक्त फॉन्टही त्यांचाच. रघु ज्या एनसीएसटी या संस्थेतून आला, ती पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली, आणि सी-डॅकचं एक केंद्र नवी मुंबईतच आहे. मार्कअपमध्ये भाषेच्या जागी मराठीची खूण दिली, तर ज्या फॉन्टांत सोय आहे त्यांत ल आणि श मराठी वळणाचे उमटतात, ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाला हवे तसे. खूण विसरली की हिंदी वळण येतं. एवढ्याशा टॅगचा हा किती स्वच्छ उपयोग.

खरी अडचण व्याकरणात आहे आणि तिच्याविषयी फारसं कोणी बोलत नाही. डिटापासून मार्कडाउनवर चालणाऱ्या साधनांपर्यंत जवळपास सगळीकडे एक सोय असते: वस्तूचं नाव एकाच जागी नोंदवायचं आणि मजकुरात त्याच्या जागी खूण ठेवायची. मॉडेल बदललं की एक नोंद बदलायची, सगळी पानं आपोआप सुधारतात. इंग्रजीत हे बिनबोभाट चालतं, कारण तिथलं नाम प्रत्यय लागताना जागचं हलत नाही. मराठीत खुणेला नुसतं ‘चं’ चिकटवलं की छापून येतं ‘पंखाचं पातं’, ‘झडपचं झाकण’. हवं असतं सामान्यरूप: पंख्याचं आणि झडपेचं. पंखा थांबला, झडप थांबली नाही, नवा पंखा, नवी झडप. म्हणजे एक नाम बदललं की अख्खं वाक्य हलतं. ज्या पुनर्वापरासाठी कंपन्या डिटावर पैसे ओततात, तो मराठीत पहिल्याच प्रत्ययाला अडखळतो.

यावर पळवाट आहे: ‘झडप या भागाचे झाकण’. सरकारी मराठीने ती फार पूर्वी शोधली. कोऱ्या जागेत काहीही भरलं तरी वाक्य मोडू नये, म्हणून ‘सदर’ आणि ‘सदरहू’ एवढे माजले असावेत, असा मला संशय आहे. दुसरी पळवाट कामगारांनी स्वतःच काढली आहे. शॉप फ्लोअरवर कोणी बाष्पकाची झडप म्हणत नाही. बॉयलरचा व्हॉल्व म्हणतात. बॉयलर, मोटर, कंप्रेसर ही नामं प्रत्यय लागला तरी बहुधा जशीच्या तशी राहतात: बॉयलरवर, मोटरला, कंप्रेसरचा. शुद्धतेच्या कैवाऱ्यांना आवडणार नाही, पण कारखान्यातली मराठी परिभाषा कोशापेक्षा मार्कअपला अधिक मानवते. लिंगाचा प्रश्न मात्र तिथेही सुटत नाही.

शोधातही तेच दुखणं. ‘झडप’ असं शोधलं तर ‘झडपेतून गळती’ हे पान सापडायला हवं. त्यासाठी शब्दाचं मूळ ओळखणारा प्रोग्राम लागतो. असंख्य शोधयंत्रांच्या पोटात असलेल्या ल्यूसीनमध्ये हिंदी आणि बंगालीसाठी तो वर्षानुवर्षं आहे, मराठीसाठी नाही. त्यात ‘पायऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकदा नुक्त्याच्या ऱ ने, एकदा र, हलन्त आणि एका अदृश्य चिन्हाने. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला ते निरनिराळे शब्द वाटतात. मॅन्युअलातल्या सर्वांत नेमाने येणाऱ्या शब्दाची ही गत. एखाद्या साधनाने ते अदृश्य चिन्ह गाळलं की उरतं ‘पायर्या’.

पुढे काय, यावर सध्या सगळ्यांचं एकच उत्तर: एआय. मॅन्युअल आता माणसाआधी यंत्र वाचणार हे खरंच आहे. संकेतस्थळाने यंत्रांसाठी मार्कडाउनमध्ये मार्गदर्शक फाइल ठेवावी, असा प्रस्ताव २०२४ मध्ये पुढे आला आणि बऱ्याच सॉफ्टवेअर कंपन्यांनी तो उचलला. पण उत्तर देणारं यंत्र मजकुराचे तुकडे करून वाचतं. नुसत्या ठळक अक्षरातला इशारा एका तुकड्यात आणि ज्या पायरीचा तो इशारा, ती दुसऱ्यात, असं सहज होतं. इशारा पायरीच्या टॅगमध्येच बसलेला असेल, तर दोघांना एकत्र ठेवता येतं. म्हणून माझा अंदाज असा की कडक मार्कअप परत येईल; नाव कदाचित डिटा नसेल. यांत्रिक अनुवादाने मराठीचा प्रश्न सुटेल, ही आशा मला तितकीशी पटत नाही. इंग्रजी वाक्यातल्या टॅगांचा क्रम मराठीत उलटतो, क्रियापद शेवटी जातं, आणि ‘उघडू नका’मधला ‘नका’ टॅगच्या बाहेर पडला तर तपासणार कोण? मूळच मराठीत लिहिणारा माणूस पगारावर नसेल, तर कोणीच नाही.

सुरुवात कुठून करावी, हे मात्र स्पष्ट दिसतं. रसायनाच्या सुरक्षा माहितीपत्रकाचे सोळा विभाग जगभर ठरलेले आहेत, आणि धोक्याची वाक्यंही क्रमांक लावलेली आहेत. एच२२५ म्हणजे अतिशय ज्वलनशील द्रव आणि बाष्प. एच३१४ म्हणजे त्वचा गंभीररीत्या भाजते आणि डोळ्यांना इजा होते. युरोपीय संघाने ही वाक्यं २००८ च्या आपल्या नियमातच सगळ्या अधिकृत भाषांत छापली. इथे पुनर्वापर नामाचा नसतो, अख्ख्या वाक्याचा असतो. खुणेच्या जागी पूर्ण वाक्य येतं, त्याला प्रत्यय लागत नाही आणि सामान्यरूपाचा प्रश्नच उरत नाही. ही काही वाक्यं टीटीसी आणि तळोज्यातल्या कामगारांपुढे वाचून, त्यांच्या मराठीत एकदा पक्की करून मुक्त परवान्याने गिटमध्ये ठेवणं हे काही वर्षांचं काम नाही. चार रायटर, एक रसायनतज्ज्ञ आणि एक सुरक्षा अधिकारी एवढ्यांचं आहे. हे लोक सकाळी एकाच लोकलने कोपरखैरणेला उतरत असतील.