जलभुंगेऱ्यांवरून जलस्थानांचे वर्गीकरण : एक परीक्षण

जलस्थानाचा प्रकार त्यात आढळणाऱ्या भुंगेऱ्यांच्या समूहावरून ठरवावा, या पद्धतीचा एक प्रमुख नमुना म्हणजे फॉस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 साली प्रसिद्ध केलेला इंग्लंडमधील सखल, पाणथळ शेतीप्रदेशाचा अभ्यास होय. एका दिवसाच्या जलपरीक्षेपेक्षा जीवसमूह दीर्घ काळाची साक्ष देतो, हे तिचे बल निर्विवाद आहे. तथापि बीड जिल्ह्यातील तलवाड्यासारख्या पर्जन्यछायेतील गावी ती जशीच्या तशी लावणे युक्त ठरणार नाही.

अशा प्रदेशात पावसाळ्यात वाहणाऱ्या ओढ्याची पुढे डबकी होतात आणि उन्हाळ्यात तीही आटतात. डायटिसिडी कुलातील बहुतेक प्रौढ भुंगेरे उडू शकतात. पाणी आटले की ते अन्यत्र जातात. मग मे महिन्यात विहिरीत सापडलेला भुंगेरा तेथील रहिवासी की आश्रित? केवळ उपस्थितीवरून याचा निर्णय होत नाही. अळीला उडता येत नाही. म्हणून वस्तीचा खरा पुरावा तीच होय. यास्तव अळ्यांची नोंद आणि निरनिराळ्या ऋतूंतील निरीक्षणे वर्गीकरणास आवश्यक ठरतात.

डोह, डबके, ओढा, आड या शब्दांत पाण्याची खोली, टिकाऊपणा व प्रवाह यांचे भेद लोकभाषेने पूर्वीच नोंदले आहेत. ते शास्त्रीय वर्ग नव्हेत, परंतु नमुने कोठे व केव्हा घ्यावेत याचे मार्गदर्शक निश्चित आहेत. त्यांची उपेक्षा करून उन्हाळ्यातील एकाच भेटीवर निष्कर्ष काढल्यास हंगामी डबके निर्जीव ठरेल आणि ते बुजविण्यास शास्त्राचाच आधार मिळेल.