संगणकाची स्मृतिमर्यादा

संगणकाच्या स्मृतीतील प्रत्येक स्थानास एक क्रमांक असतो. त्यास त्या स्थानाचा पत्ता म्हणतात. पत्ता लिहिण्यासाठी किती द्विमान अंक म्हणजेच बिट राखावयाचे, हे मूळ आराखड्यातच ठरते व त्यावरून यंत्राची कमाल स्मृती निश्चित होते. १६ बिटांच्या पत्त्याने ६५,५३६ बाइट, तर २४ बिटांच्या पत्त्याने १,६७,७७,२१६ बाइट दर्शविता येतात. स्मृती मागाहून विकत घेऊन जोडता येते. पत्त्याची लांबी मात्र आज्ञा व आज्ञावल्या यांत भिनलेली असल्याने सहजासहजी बदलता येत नाही.

पीडीपी–११ (१९७०) हा आज्ञासंचाच्या सुबकपणाबद्दल नावाजलेला संगणक; परंतु त्याचा पत्ता १६ बिटांचाच होता. पीडीपी–११/७० (१९७५) या प्रतिमानात जादा यंत्रणा बसवून एकूण स्मृती ४१,९४,३०४ बाइटांपर्यंत नेता आली, तरी कोणत्याही एका आज्ञावलीपुढील खिडकी अरुंदच राहिली. गॉर्डन बेल व विल्यम स्ट्रेकर यांनी १९७६ मध्ये या अनुभवाचे परीक्षण केले व पत्त्यात पुरेसे बिट न ठेवणे ही संगणकरचनेतील सावरण्यास अत्यंत अवघड चूक होय, असा निर्वाळा दिला. त्याच कंपनीच्या व्हॅक्स (१९७७) या संगणकात ३२ बिटांचा पत्ता आला.

हा निर्वाळा मान्य केला, तरी तो अपुरा वाटतो. १९७० च्या सुमारास स्मृती फार महाग होती व आखूड पत्त्यामुळे प्रत्येक आज्ञेमागे स्मृतीची बचत होई. तेव्हा बिटांची कंजुषी क्षम्य मानता येते. न वापरलेले बिट मोकाट सोडणे हा दोष मात्र क्षम्य नव्हे. आयबीएम सिस्टिम/३६० (१९६४) मध्ये रजिस्टर ३२ बिटांचे, पण पत्ता २४ बिटांचा होता व उरलेल्या ८ बिटांकडे यंत्र दुर्लक्ष करी. आज्ञावलीकारांनी ती रिकामी जागा खुणा ठेवण्यासाठी वापरली. परिणामी १९८३ मध्ये पत्ता वाढविताना ३१ बिटांवर थांबावे लागले आणि जुन्या आज्ञावल्यांसाठी २४ बिटांची पद्धतही चालू ठेवावी लागली. हा धडा समोर असूनही मॅकिंटॉशच्या (१९८४) प्रणालीने मोटोरोला ६८००० च्या पत्त्यांतील वरच्या ८ बिटांचा तसाच उपयोग केला.

इंटेल ८०८६ (१९७८) मध्ये १६ बिटांच्या दोन संख्या जोडून २० बिटांचा पत्ता तयार होई. ६४० किलोबाइटांची बहुचर्चित मर्यादा मात्र या प्रक्रियकाची नव्हे; ती आयबीएम पीसीमध्ये (१९८१) केलेल्या स्मृतीच्या वाटणीतून आली. प्रक्रियकाची मर्यादा १०,४८,५७६ बाइट होती. ती ओलांडणारा पत्ता पुन्हा शून्याकडे वळे. काही आज्ञावल्या या वळणावरच विसंबून असल्याने पीसी–एटी (१९८४) या मोठ्या स्मृतीच्या यंत्रात एकविसाव्या पत्तावाहिनीवर मुद्दाम अडसर बसवावा लागला.

एएमडीच्या ६४ बिटी रचनेने (२००३) या दोषावर नेमका उपाय केला. तीत आरंभी ४८ बिटच वापरात होते. पण वरचे १६ बिट अठ्ठेचाळिसाव्या बिटासारखेच असले पाहिजेत, अन्यथा यंत्र पत्ता नाकारील, अशी अट घातली गेली. त्यामुळे पुढे ५७ बिटांपर्यंतची वाढ पूर्वीच्या मानाने सुकर झाली. एआरएमच्या ६४ बिटी रचनेत मात्र वरचे ८ बिट खुणांसाठी मोकळे सोडण्याची मुभा आहे. फरक एवढाच, की ती यंत्राच्या दुर्लक्षामुळे मिळालेली नसून प्रणालीच्या नियंत्रणाखाली बुद्धिपुरस्सर दिलेली आहे.