संकलन : कातर आणि विवेक

चित्रपटाच्या परीक्षणांत नटांची वाहवा होते, गाण्यांची होते, क्वचित् छायालेखकाचीहि होते. संकलकाचें नांव मात्र बहुधा शेवटच्या ओळींत येतें, आणि तेंहि ‘संकलन ठीक’ एवढें म्हणण्यापुरतें. ह्या उपेक्षेचें कारण उघड आहे. शिवण जितकी चांगली तितकी ती डोळ्यांना कमी दिसते. परंतु अंगरखा उभा असतो तो शिवणीवरच. एखादें दृश्य पडद्यावर किती वेळ ठेवावें, कोठें तोडावें आणि त्याच्या पाठोपाठ कोणतें आणावें, ह्या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून चित्रपटाचा अर्थ घडत असतो. ह्या कलेचा इतिहास बहुतेक ठिकाणीं वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. साधनें वेगवान् झालीं हें खरें. पण मराठी चित्रपटांतील संकलनाचे उत्तम नमुने पाहिले असतां, कातर कोठें आवरावी ह्या विवेकाची ती वाढ आहे, असें आमचें मत झालें आहे.

जुलै 1896 मध्यें मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं चलच्चित्रें दाखविलीं गेलीं, तेव्हां संकलन असें कांहीं नव्हतेंच. एक दृश्य, एक तुकडा; फिल्म संपली कीं चित्र संपलें. पुढें अमेरिकेंत पोर्टर व ग्रिफिथ ह्यांनीं दोन ठिकाणच्या घटना आलटून पालटून दाखवून प्रेक्षकांची उत्कंठा ताणण्याची युक्ति सिद्ध केली. रशियांत कुलेशोव्हनें एकाच नटाचा एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांच्या शेजारीं जोडून दाखविला. सूपाच्या थाळीशेजारीं तो भुकेला वाटला आणि शवपेटीशेजारीं शोकाकुल. 1925 सालच्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’मध्यें आयझेन्स्टाइननें हेंच तत्त्व पराकाष्ठेला नेलें. दोन तुकड्यांच्या सांध्यांत जो अर्थ उपजतो, तो त्यांपैकीं एकाहि तुकड्यांत नसतो, हें ह्या मंडळींनीं जगाला दाखविलें.

आमच्याकडे ह्या विद्येचा श्रीगणेशा दादासाहेब फाळक्यांनीं केला. कथापट हातीं घेण्यापूर्वीं, 1912 सालीं त्यांनीं वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडथोड्या अंतरानें टिपून एक लहानसें चित्र तयार केलें. बीजाला अंकुर फुटून वेल वाढावयास जे दिवस लागतात ते पडद्यावर क्षणांत आटोपले. काळ कापतां येतो आणि जोडतां येतो, हें ज्याला एकदां उमगलें त्याला संकलनाचें मर्म सांपडलें असें म्हटलें पाहिजे. कच्च्या फिल्मीच्या कडांना अंधारांत बसून छिद्रें पाडण्याचें कष्टाचें काम सरस्वतीबाई फाळके करीत, हेंहि येथें नमूद करणें उचित होय. 1919 सालच्या ‘कालियामर्दन’मध्यें डोहांत कृष्णाची कालियाशीं झुंज चालली आहे आणि कांठावर गोकुळ व्याकुळ होऊन उभें आहे, अशीं दृश्यें एकाआड एक येतात. ही पद्धति परदेशीं रूढ झालेली असली तरी आमच्या प्रेक्षकाला ती परकी वाटण्याचें कारण नव्हतें. कीर्तनकार बुवा कथा ऐन रंगांत आणून तेथेंच सोडतात, दुसरीकडची हकीकत सांगतात आणि नेमक्या क्षणीं मूळ धाग्यावर येतात. ज्या समाजाचे कान असे तयार झालेले होते, त्याच्या डोळ्यांना फाळक्यांची कातर समजावयास वेळ लागला नाहीं.

मूकपटाच्या काळीं संकलक फिल्म उजेडासमोर धरून अंदाजानें कापी, टोंक खरवडून विशिष्ट द्रवानें दुसऱ्या तुकड्यास चिकटवी. 1932 सालीं ‘अयोध्येचा राजा’नें मराठी चित्रपटास वाणी दिली, आणि ह्या कातरीच्या पायांत बेडी पडली. सेकंदाला चोवीस चित्रें, मिनिटाला नव्वद फूट फिल्म हा हिशेब आतां ठाम झाला. चित्र आणि ध्वनि वेगळ्या पट्ट्यांवर येऊं लागले आणि ओठ व शब्द यांचा मेळ राखणें आवश्यक झालें. बोलपटाचे आरंभींचे कित्येक प्रयत्न रंगभूमीचीं छायाचित्रें वाटत, त्याचें कारण बरेंचसें येथें आहे.

ही बेडी प्रभातनें तोडली, आणि तीहि दोन अगदीं भिन्न रीतींनीं. 1937 च्या ‘कुंकू’मध्यें व्ही. शांताराम यांनीं पार्श्वसंगीत अजिबात वर्ज्य केलें. प्रसंगांतील स्वाभाविक आवाज तेवढे ठेवले. म्हाताऱ्या काकासाहेबांच्या घरांतील घड्याळ त्यांच्या ओसरत्या आयुष्याची खूण होऊन पुन्हां पुन्हां समोर येतें. सारंगीचे सूर आळवून करुणरस ओतण्याची सोय नसल्यामुळें सारा भार दृश्यांच्या जुळणीवर पडला, आणि जरठकुमारी विवाहाचें दुःख ती जुळणी समर्थपणें पेलते. त्याच्या आदल्या वर्षींचा दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ ह्याच्या उलट वळणाचा. तेथें धक्का नाहीं, चमत्कृति नाहीं. जिजाई भाकरी घेऊन डोंगरावर नवऱ्याकडे जाते, त्याला रागें भरते आणि शेवटीं त्याला जेवूं घालते. हा प्रसंग संकलकानें घाईनें उरकला असता तर त्या संसाराची गोडी आम्हांस कळलीच नसती. ह्या चित्रपटाची चाल टाळचिपळ्यांची आहे, आणि कातर त्या ठेक्याबाहेर जात नाहीं.

आमचें जळकोट सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, नळदुर्गाजवळ आहे. अशा गांवांना चित्रपट कित्येक वर्षें जत्रेंतील तंबूंतच भेटला. तंबूंत येणारी प्रत शेंकडों खेळ करून जीर्ण झालेली असे. ती तुटली कीं यंत्र चालविणारा दोन्ही टोंकें छाटून जोडी, आणि प्रत्येक सांध्यास कांहीं चित्रें कमी होत. फिल्मीवर ध्वनि त्याच्या चित्राच्या सुमारें वीस चित्रें पुढें छापलेला असल्यामुळें एका प्रसंगांतील चित्र जाई आणि दुसऱ्या क्षणाचा शब्द गळे. म्हणजे हा यंत्रवाला नकळत दुसरा संकलकच होता! ह्या दुसऱ्या कातरींतून जो चित्रपट अर्थासकट वांचे, त्याची मूळ वीण घट्ट असली पाहिजे, असें अनुमान करावयास हरकत नाहीं.

पुण्याच्या प्रभातच्या जागेंत 1960 सालीं चित्रपटशिक्षणाची संस्था निघाली आणि संकलन हा शास्त्रशुद्ध अभ्यासाचा विषय झाला. ‘अर्धसत्य’ व ‘परिंदा’ यांचें संकलन करणाऱ्या रेणू सलुजा ह्याच संस्थेंत तयार झाल्या. पुढें संगणक आला. पूर्वीं एक सांधा चुकला तर प्रत उलगडून पुन्हां जोडावी लागे. आतां शंभर सांधे करून शंभर मोडले तरी फिल्मीचें कांहीं बिघडत नाहीं. जेथें कापणें फुकट झालें तेथें कापण्यापूर्वीं विचार करण्याची संवयहि सुटूं लागली. दूरचित्रवाणीवरील मालिकांत एकच दचकलेला चेहरा तीनतीनदां गडगडाटासह आमच्यावर आदळतो, हें तिचेंच फळ. प्रेक्षकाला एकदां सांगितलेलें समजत नाहीं, असें ह्या कातरीनें गृहीत धरलें आहे. आणि हा त्याचा अपमान आहे.

ह्या पार्श्वभूमीवर अलीकडचीं तीन मराठी चित्रें आम्हांस महत्त्वाचीं वाटतात. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्यें (2014) न्यायालय उठतें, माणसें जातात, दिवे एकेक करून मालवले जातात, तरी दृश्य तुटत नाहीं. रिकाम्या, अंधारलेल्या त्या दालनाकडे पाहतांना न्यायाच्या थंडपणाची जी जाणीव होते, ती कोणत्याहि भाषणानें झाली नसती. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ उलट करतो : जब्यानें भिरकावलेला दगड थेट आमच्याकडे येतो आणि चित्रपट तेथेंच संपतो. एक क्षणभर अधिक दाखविलें असतें तर त्या दगडाचें उत्तर देण्याच्या जबाबदारींतून आम्ही सुटलों असतों. त्यांच्याच ‘सैराट’मध्यें (2016) खुनाचा प्रसंग पडद्यावर येत नाहीं. शेवटीं येतें तें रक्तानें माखलेल्या पावलांचें एक रडणारें मूल, आणि त्याचें रडणेंहि ऐकूं येत नाहीं. नव्वद वर्षांपूर्वीं ‘कुंकू’नें संगीत गाळलें, येथें आवाजच गाळला आहे.

लांबलेलें प्रत्येक दृश्य गंभीर आणि जलद कापलेलें प्रत्येक दृश्य उथळ, असा सोपा नियम मात्र कोणी ह्यांतून काढूं नये. कंटाळवाणेपणालाहि अलीकडे कलेचा पोशाख चढविला जातो, आणि पोटेमकिनच्या पायऱ्यांवरील कत्तल संथ दाखवून चाललें नसतें. कसोटी एकच : हें दृश्य येथें तुटल्यामुळें, किंवा न तुटल्यामुळें, प्रेक्षकाच्या मनास कांहीं काम उरलें कीं नाहीं? ज्या संकलकाला प्रेक्षकाच्या बुद्धीविषयीं आदर आहे, तो त्याच्यासाठीं जागा राखून ठेवतो. यापुढें परीक्षकांनीं संकलनास ‘ठीक’ म्हणण्यापूर्वीं ही कसोटी एकवार लावून पाहावी, एवढीच आमची सूचना आहे.