खेळाडूची झोप, हृदयगतीतील चढउतार आणि एक निसटलेला ठोका

स्पर्धेच्या काळात अव्वल खेळाडूंची झोप आणि हृदयगती परिवर्तिता (एचआरव्ही) मनगटी पट्ट्याने मोजतात आणि सकाळी ‘तयारी’चे गुण देतात. पद्धत सोयीची आहे, पण तिचा पाया तपासून पाहू.

पट्टा ईसीजी काढत नाही, प्रकाशाने नाडी टिपतो. कूस बदलताना ठोका निसटू शकतो. समजा, ठोके मिनिटाला ६० आहेत. लगतच्या अंतरांतील फरकांच्या वर्गांची सरासरी घेऊन काढलेले वर्गमूळ, म्हणजे आरएमएसएसडी, ५० मिलिसेकंद आहे. पाच मिनिटांत एकच ठोका निसटला, तर एक अंतर २००० मिलिसेकंदांचे होते आणि सुमारे १००० चे दोन फरक घुसतात. उत्तर येते सुमारे ९६! थकलेला खेळाडू ताजातवाना ठरतो. अशी अंतरे गाळता येतात, पण गाळण्याची रीत बहुधा कंपनीचे गुपित असते.

आकडा खरोखरच घसरला, तरी कारण उशिरा संपलेला सामना, प्रवास की धास्ती, हे तो सांगत नाही. म्हणून एका रात्रीवरून कोणाला संघाबाहेर बसवू नये. त्याच खेळाडूच्या मागील काही आठवड्यांशी तुलना करावी आणि त्याला विचारावे, झोप कशी लागली?