अनुभव पुरेसा नसतो

आजच्या मराठी कथा-कादंबरीचा भूगोल कधी नव्हे इतका विस्तारला आहे, हे आधी मोकळेपणाने मान्य करू. साहित्य अकादमीचे अलीकडचे काही मानकरी पाहिले तरी हे दिसते. आसाराम लोमटे (२०१६) परभणीकडचे, प्रवीण बांदेकर (२०२२) सिंधुदुर्गातले, कृष्णात खोत (२०२३) कोल्हापूरच्या पन्हाळा परिसरातले. पुण्या-मुंबईबाहेरचे जगणे आता आपल्याच बोलीत, कुणाची परवानगी न मागता लिहिले जाते आहे.

तरीही नव्याने लिहिणाऱ्या बऱ्याच जणांचा दम पहिल्या पुस्तकातच संपतो. गाव, बाप, दुष्काळ, नोकरीसाठी सोडलेले घर हे सगळे एकदा लिहून झाले, की दुसऱ्या पुस्तकात तेच पातळ होऊन येते. याउलट शहरातली तरुण मंडळी म्हणतात, आमच्याकडे सांगण्यासारखे जगणेच नाही. दोन्हीकडे गृहीत एकच आहे: अनुभव म्हणजेच प्रेरणा. मला हे गृहीतच चुकीचे वाटते.

ते आले कुठून, हे उघड आहे. फडके-खांडेकरांच्या काळात वाद होता कलेसाठी कला की जीवनासाठी. नवकथेने त्यावर अनुभवाच्या प्रामाणिकपणाचा आग्रह धरला, आणि तो त्या वेळी गरजेचाच होता. पुढे मात्र 'जगलेले लिहा' हा सल्ला इतका घासला गेला, की जगलेल्याचे करायचे काय, हा प्रश्न मागे पडला.

बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या १९६३च्या संग्रहातली शीर्षककथा या दृष्टीने पुन्हा वाचावी. रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी गेलेला तरुण जात लपवून राहतो, उघडा पडतो, मार खातो. एवढेच असते तर ती अन्यायाची हकिकत झाली असती. पण बागुलांचा निवेदक मारणाऱ्या हातांपाशी थांबत नाही. त्या हातांमागे उभ्या असलेल्या मनूच्या व्यवस्थेपर्यंत तो पोहोचतो. घडलेल्याला लेखकाने विचारलेला प्रश्न तिथे दिसतो, आणि लेखकाचे प्रयोजन त्या प्रश्नातच असते.

जयंत पवारांकडे गिरणगाव आयुष्यभर होते. १९८२च्या गिरणी संपाने उद्ध्वस्त झालेले कामगार कुटुंब त्यांनी 'अधांतर' नाटकात उभे केले. 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या कथासंग्रहात ते पुन्हा त्याच मुंबईत आले, पण आता त्यांना गोष्ट सांगण्याच्या रीतीनेच पछाडले होते. कुणाची बाजू गोष्टीत येते, कुणाची गळते, याचा शोध त्यांची दीर्घकथा घेते. विषय जुना राहिला, प्रश्न पुढे सरकला.

खोतांच्या 'रिंगाण'मध्ये धरणाने उठवलेल्या गावातला माणूस मागे राहिलेली म्हैस आणायला जुन्या मुलखात जातो. दरम्यान म्हैस रानटी झाली आहे, ती मालकाला जुमानत नाही. विस्थापनावर पुष्कळ लिहिले गेले. पण माणसाने सोडून दिलेल्या जनावराच्या बाजूने ते पाहिल्यावर मालकी, ओढ, अपराध सगळेच नव्याने तपासावे लागते.

आणि ज्यांना आपले जगणे बेचव वाटते, त्यांनी श्याम मनोहर वाचावेत. मध्यमवर्गीय घर, नोकरी, नातेवाईक एवढ्याच सामग्रीतून ते विचारतात, की आपल्या कुटुंबांत कुतूहलाला आणि ज्ञानाला जागा का नाही? 'उत्सुकतेने मी झोपलो' ही कादंबरी त्या विचारण्यावरच उभी आहे. खडतर जगण्याचा दाखला त्यांना लागला नाही.

आपल्या व्यवस्थेचाही यात दोष आहे. १९८२मध्ये 'सत्यकथा' मासिक बंद झाल्यापासून कथेचा मुख्य आधार दिवाळी अंक. संपादकाचे पत्र येते, मुदत ठरते, शब्दमर्यादा ठरते. कथा पुन्हा लिहायला सांगणारा संपादक विरळाच. परीक्षणे विषयाचे नावीन्य मोजतात आणि पुरस्कारांच्या बातम्या 'दाहक वास्तव' म्हणून मोकळ्या होतात. लेखकाला मग वाटते, आपल्याकडून दाहक एवढेच हवे आहे.

लिहायला बसलेल्या तरुणाला म्हणून मी विषय विचारणार नाही. तुला तुझ्या जगण्यातले काय अजून कळलेले नाही, हे विचारेन. त्याचे उत्तर आधी माहीत असण्याची गरज नाही. चौथ्या-पाचव्या खर्ड्यात ते दिसू लागते. आपण समीक्षकांनीही दुसऱ्या आणि तिसऱ्या पुस्तकाकडे पहिल्याइतकेच लक्ष दिले, तर इतका विस्तारलेला हा भूगोल मराठी कादंबरीला खोलीही देईल.